गुडघ्याला बाशिंग

मराठी घरात मिक्सर घ्यायचा ठरला की तीन दुकानं पालथी घातली जातात, मावशीच्या मिक्सरची चौकशी होते, वॉरंटीचं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं जातं आणि शेवटी ‘दिवाळीला ऑफर असते’ म्हणून खरेदी पुढे ढकलली जाते. त्याच घरातला इंग्लिश फुटबॉलचा चाहता मात्र जून लागला की चहा निवायच्या आत शंभर मिलियन पाउंडांचा मिडफिल्डर घेऊन मोकळा होतो. शंभर मिलियन पाउंड म्हणजे आपले हजार कोटींच्या वरच. पण हा आकडा तो ‘देऊन टाका ना’ अशा सुरात उच्चारतो, जणू कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारा माणूस वेगळाच कुणीतरी होता. खरेदी लागू पडली की ‘आम्ही घेतला’. फसली की ‘बोर्डाला अक्कल नाही’. या ‘आम्ही’चा मँचेस्टरशी किंवा लिव्हरपूलशी असलेला दृश्य संबंध म्हणजे गॅलरीतल्या दोरीवर उलटी वाळत घातलेली एक जर्सी. तिच्या पाठीवर ज्याचं नाव आहे तो खेळाडू मधल्या काळात दोन क्लब फिरून आलेला असतो, आणि जर्सी पुसणं व्हायच्या बेतात असते.

या माणसाची चेष्टा करणं सोपं आहे, आणि ती आपण करणारच आहोत. पण आधी त्याला नेमकं काय हवं असतं ते पाहू. त्याला पैसे उधळायचे नसतात, कारण पैसे त्याचे नसतातच. नवा खेळाडूही त्याला तितकासा नको असतो, कारण येऊन सहा सामने झाले की तोच खेळाडू ‘ओव्हररेटेड’ होतो. त्याला वाट पाहायची नसते, इतकंच. ट्रान्सफरच्या बाजारात गुणवत्तेची खरेदी-विक्री होते असा समज आहे. माझ्या मते तिथे धीर विकला जातो. कुणीतरी एका पोराला सोळाव्या वर्षी उचलतं, अठराव्या वर्षी त्याच्या चुका पोटात घालतं, विसाव्या वर्षी त्याला दुखापतीतून उठवतं आणि बाविसाव्या वर्षी तो तयार माल बाजारात मांडतं. बेन्फिका, आयाक्स, ब्रायटन ही या मालाची घाऊक दुकानं. मोठे इंग्लिश क्लब म्हणजे लोणचं घालायला सवड नसलेली, पण जेवताना ‘घरच्या चवीचं’च हवं म्हणणारी गिऱ्हाइकं.

हा उतावळेपणा आजकालच्या पोरांनी मोबाइलमुळे आणला, असं ज्येष्ठ मंडळी म्हणतील. तसं नाही. १९०५ साली खालच्या विभागात घसरण्याच्या भीतीनं गर्भगळीत झालेल्या मिडल्सब्रोनं शेजारच्या संडरलंडकडून आल्फ कॉमन हा खेळाडू एक हजार पाउंडांना घेतला. चार आकडी किमतीचा हा पहिलाच खेळाडू. माणसांचा बाजार मांडला म्हणून तेव्हाच्या इंग्लंडात केवढा गहजब झाला. कॉमननं पहिल्याच सामन्यात, परक्या मैदानावर, पेनल्टी मारून संघाला जिंकून दिलं. परक्या मैदानावर मिडल्सब्रो जवळजवळ दोन वर्षांनी जिंकत होता. संघ घसरणीतून वाचला आणि पुढच्या सव्वाशे वर्षांच्या रोगाची लागण झाली. हजार पाउंडांत दोन वर्षांची पनवती सुटत असेल तर धीर धरायचा कशाला? १९७९मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाख मोजले आणि त्यानं त्याच वर्षी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल केला. असे दोन-चार दाखले जमले की उतावळ्यांचं शास्त्र तयार होतं. २०१७ साली नेमारवर पॅरिसनं २२२ दशलक्ष युरो खर्च केले, तेव्हा ते त्याच शास्त्राला धरून होतं.

आता चेल्सीचं उदाहरण घेऊ, कारण या विषयात इतकी मेहनत दुसऱ्या कुणी घेतलेली नाही. २०१४ सालच्या जानेवारीत चेल्सीनं केव्हिन डी ब्रुइन हा बावीस वर्षांचा बेल्जियन पोरगा जर्मनीतल्या वोल्फ्सबर्गला विकला. त्या मोसमात लीगमध्ये तो त्यांच्याकडून तीनच सामने खेळला होता. त्याच महिन्यात त्यांनी मोहम्मद सालाह नावाचा इजिप्तचा पोरगा आणला. त्याला बाकावर बसवलं, मग इटलीत उसना दिला, मग विकून टाकला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रोमेलू लुकाकूही एव्हर्टनला गेला. चेल्सीचे चाहते तेव्हा रस्त्यावर उतरले होते का? छे! मैदानावर फारसे न दिसलेल्या पोरांसाठी कोण रडणार? पुढे डी ब्रुइन मँचेस्टर सिटीत आला आणि त्यानं सहा लीग विजेतेपदं जिंकली. सालाह २०१७मध्ये लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच मोसमात त्यानं लीगमध्ये ३२ गोल केले. आणि लुकाकू? त्याला चेल्सीनंच २०२१मध्ये साडेसत्त्याण्णव मिलियन पाउंड देऊन परत आणलं. वर्षभरात पुन्हा इटलीला उसना धाडला. आपणच भंगारात घातलेली सायकल जुन्या बाजारातून दुप्पट-तिप्पट पैशांत घरी आणायची आणि मग तिची घंटी आवडत नाही म्हणून शेजाऱ्याला वापरायला द्यायची, असा हा व्यवहार. पहिला नव्हे, बरं का. नेमान्या मॅटिचला २०११मध्ये बेन्फिकाच्या हवाली करून २०१४मध्ये एकवीस मिलियनना परत घेतलं, तेव्हा त्याची रंगीत तालीम झालेली होती.

इथे चेल्सीचा चाहता हात वर करील. त्याचा मुद्दा वजनदार आहे म्हणून ऐकून घेऊ. तो म्हणेल, डी ब्रुइन आणि लुकाकूला विकताना आम्हाला नफा झाला, आणि त्यांना विकल्यावर २०१५मध्ये लीग आम्हीच जिंकली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तयार माल घेऊन एका मोसमाचा सोहळा साजरा करता येतो, यात वाद नाही. पण त्या सोहळ्याच्या पुढच्याच डिसेंबरात गतविजेता चेल्सी तक्त्याच्या तळाजवळ लोळत होता, मॅनेजर जोझे मोरिन्हो यांना नारळ मिळाला होता आणि मोसमाअखेर संघ दहावा आला. विकत आणलेल्या धीराला मुदत असते. डब्यावर ती बारीक अक्षरांत छापलेली असते आणि चाहता डब्यावरची अक्षरं वाचत नाही. ती वाचतो फक्त मिक्सरच्या वेळी.

मँचेस्टर युनायटेडची कथा अधिक करुण, म्हणून अधिक विनोदी. पॉल पोग्बा त्यांच्याच ॲकॅडमीत वाढलेला. मैदानावर संधी मिळेना म्हणून २०१२मध्ये तो किरकोळ भरपाईवर युव्हेंटसला गेला. २०१६मध्ये त्याला परत आणायला युनायटेडनं ८९ मिलियन मोजले. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. आणि २०२२मध्ये करार संपल्यावर तो फुकटात पुन्हा युव्हेंटसलाच गेला. एकच पोरगा दोनदा जवळजवळ फुकट दिला आणि मध्ये एकदा विक्रमी भावानं घेतला, असा हिशेब वाण्याच्या वहीत सापडला असता तर वाण्याच्या मुलांनी दुकान काढून घेतलं असतं.

पण त्याहून बोलका प्रसंग २०२५च्या मे महिन्यातला. स्कॉट मॅकटॉमिने हा अगदी लहानपणापासून युनायटेडमध्ये वाढलेला खेळाडू. इमानी, धिप्पाड, पण चाहत्यांच्या लेखी ‘ठीक’. ‘ठीक’ हे फुटबॉलमधलं सगळ्यात क्रूर विशेषण आहे. वाईट खेळाडूला निदान शिव्या मिळतात, त्यातही एक आपलेपणा असतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याला सुमारे पंचवीस मिलियनना नापोलीला विकलं. २१ मे २०२५ला युनायटेड बिल्बाओमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून हरला. दोनच दिवसांनी, २३ मेच्या रात्री, नापोलीला इटलीचं विजेतेपद हवं होतं आणि समोर काल्यारीचा संघ होता. मध्यंतराच्या जरा आधी उजवीकडून चेंडू आला. मॅकटॉमिनेनं अंग हवेत आडवं टाकलं आणि कात्रीसारखे पाय फिरवून तो जाळ्यात मारला. दुसरा गोल कुणाचा? चेल्सीनं दोनदा घेतलेल्या आणि दोनदा घालवलेल्या लुकाकूचा. नापोली विजेते, आणि त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू मॅकटॉमिने. युनायटेड त्या वर्षी लीगमध्ये पंधरावा आला. ज्यांनी वर्षभर आधी ‘पंचवीस मिलियन? उत्तम सौदा!’ असं लिहिलं होतं, त्यांनीच त्या रात्री ‘आमचा पोरगा!’ म्हणून त्या गोलाची चित्रफीत फिरवली. चाहत्याचं निदान क्वचितच चुकतं. अहवाल तेवढा रोगी घरी गेल्यावर येतो.

यावरून एक नियम मांडता येतो. चाहत्याला घडलेला खेळाडू आवडतो, घडणारा सोसवत नाही. ‘ॲकॅडमीतली पोरं खेळवा’ ही मागणी प्रत्येक क्लबचा प्रत्येक चाहता करतो, आणि ती मनापासून करतो. फक्त ते पोरगं एकोणिसाव्या वर्षी मैदानात उतरताना तिशीतलं शहाणपण घेऊन उतरावं, अशी त्याची माफक अपेक्षा असते. साठाव्या मिनिटाला पोरगं बदली म्हणून येतं, पहिला पास पायाखालून निसटतो आणि ‘अजून तयार नाही’ असा शेरा एकसष्टाव्या मिनिटाला जगभर पोचतो. पोरगं तयार कसं होणार? बरणी रोज उघडून फोड चाखली तर लोणचं मुरत नाही, त्याला बुरशी येते. हे आपल्याकडे सातवीतल्या पोरीलाही ठाऊक असतं.

प्रतिस्पर्धी क्लब या सगळ्यात कुठे बसतो, असं कुणी विचारील. तो मधोमध बसतो. आपण काय टाकलं हे कळण्याचं एकमेव ठिकाण म्हणजे शेजाऱ्याचं ताट. टॉटनहॅमचा कप्तान सोल कॅम्पबेल २००१मध्ये करार संपवून फुकटात आर्सेनलला गेला. उत्तर लंडनमध्ये हे म्हणजे वाड्यातल्या भाऊबंदकीत दुसऱ्या चुलीवर जेवायला जाण्यासारखं. २००४मध्ये आर्सेनलनं लीग जिंकली ती टॉटनहॅमच्याच मैदानावर, आणि कॅम्पबेल तेव्हा आर्सेनलच्या बचावफळीत उभा होता. मग काळानं सूड घेतला. २०१२मध्ये आर्सेनलचा कप्तान रॉबिन व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला, पहिल्याच वर्षी त्यानं लीग जिंकून दिली, आणि विजेत्यांना मानवंदना देण्याच्या प्रथेनुसार आर्सेनलच्या खेळाडूंना आपल्याच मैदानावर दुतर्फा उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या. घटस्फोटित बायकोच्या दुसऱ्या लग्नात आहेराच्या टेबलावर बसायची पाळी यावी, तसं.

निष्ठेचा प्रश्न निघाला की चाहता मोठा तात्त्विक होतो, आणि त्याचं तत्त्वज्ञान पाहायला २०२५चा लिव्हरपूलमधला उन्हाळा पुरेसा आहे. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड तिथलाच, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अंगाखांद्यावर वाढलेला. करार संपताना क्लब सोडणार असं त्यानं मे महिन्यात जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या मैदानावर आर्सेनलविरुद्ध तो बदली म्हणून उतरला तेव्हा स्वतःच्याच प्रेक्षकांतल्या पुष्कळांनी त्याची हुर्यो उडवली. का? तर निष्ठा. चारच महिन्यांनी, १ सप्टेंबरला, न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक सव्वाशे मिलियन पाउंडांना लिव्हरपूलला आला. ब्रिटनमधला हा विक्रमी सौदा. त्याआधी सगळा उन्हाळा तो न्यूकॅसलकडून खेळायला तयार नव्हता, करार बाकी असूनही. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी याला काय म्हटलं? ‘महत्त्वाकांक्षा’. करार जवळजवळ पुरा करून जाणारा कृतघ्न आणि करार मोडायला अडून बसणारा जिद्दी, ही व्याकरणातली सोय फार जुनी आहे. आपली लेक सासरी वेगळं बिऱ्हाड करते, सून मात्र घर फोडते. इसाकला लीगमधला पहिला गोल करायला नोव्हेंबर संपत आला. तोवर ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द मागे पडून ‘सव्वाशे मिलियन’ हाच त्याच्या नावामागचा किताब झाला होता.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप जमाखर्चवाल्यांचा आणि तो पक्का आहे. ते म्हणतात, चाहत्याच्या धीराला काय चाटायचंय, पोरं विकली जातात ती नियमांमुळे. प्रीमियर लीगच्या २०२५-२६पर्यंतच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत १०५ मिलियनपर्यंतच तोटा दाखवता येत असे. आणि हिशेबाची गंमत अशी की ऐंशी मिलियनचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर खर्च वर्षाला सोळा मिलियन असा वाटून पडतो. उलट घरी वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून तो विकला की आलेला सगळा पैसा नफा. आजीनं घातलेल्या लोणच्याची किंमत वहीत शून्य आणि बाजारातल्या बरणीची पावती असते, तसंच हे. म्हणून तर २०२४च्या जूनमध्ये, हिशेबाचं वर्ष संपायच्या तोंडावर, क्लबांनी एकमेकांची पोरं अशी घेतली-दिली की मुंज-बारशाला आलेली भेटपाकिटं नाव खोडून पुढे सरकवावीत. न्यूकॅसलनं एलियट अँडरसन हा घरचा पोरगा त्याच घाईत नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला. सव्वा वर्षात तो इंग्लंडच्या संघात होता. आक्षेप मान्य. पण तो तोटा आला कुठून हे जमाखर्चवाले सांगत नाहीत. आधीच्या तीन उन्हाळ्यांत तयार माल घेताना तो झाला. चेल्सीनं एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचा करार दिला तो खर्च लांबवून वाटण्यासाठीच. एवढ्या मुदतीवर आपल्याकडे माणसं गृहकर्ज काढतानाही दोनदा विचार करतात. शेवटी युरोपच्या महासंघाला ही वाटणी पाच वर्षांवर आणावी लागली. नियमांनी उतावळेपणा पैदा केलेला नाही. त्यांनी त्याची किंमत घरच्या पोराच्या नावावर टाकली.

दुसरा आक्षेप चाहत्याचा स्वतःचा. निर्णय मालक आणि मॅनेजर घेतात, आम्ही बापडे काय करणार? हे फार सोज्वळ आहे. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६च्या नोव्हेंबरात युनायटेडला आले. तीन वर्षं काही जिंकलं नाही तेव्हा, डिसेंबर १९८९मध्ये, त्यांच्याच मैदानावर एक चादर फडकली. तिच्यावर सबबींची तीन वर्षं मोजून त्यांना निरोप दिलेला होता. मालकांनी ती चादर वाचली आणि तरी काही केलं नाही. पाच महिन्यांनी पहिला चषक आला. पुढे १९९५च्या उन्हाळ्यात फर्ग्युसननी इन्स, ह्यूज, कांचेल्स्किस हे तिघे जाऊ दिले आणि पोरं उतरवली. पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाविरुद्ध ३-१ असा हरले. रात्री दूरदर्शनवर समीक्षक ॲलन हॅन्सन यांनी पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं, असा निर्वाळा दिला. मे महिन्यात लीग आणि एफए कप दोन्ही त्या पोरासोरांकडे होते. हॅन्सन यांची थट्टा आजतागायत होते, पण ते बिचारे तेच बोलले जे त्या रात्री देशातला प्रत्येक चाहता बोलत होता. फरक इतकाच की त्यांच्यासमोर कॅमेरा होता. आज ती चादर प्रत्येकाच्या खिशात आहे आणि मालक ती दर पाच मिनिटांनी वाचतात. मॅनेजरला चौथा पराभव परवडत नाही हे ठाऊक असताना तो एकोणीस वर्षांच्या पोराला का उतरवील? तो तिशीचा, चुका न करणारा, काहीच न करणारा मिडफिल्डर उतरवील. चाहत्याच्या हातात सत्ता नाही, पण घाई आहे. आणि घाई संसर्गजन्य असते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. धीर धरला म्हणून प्रत्येक पोरगं केन होतं का? नाही होत. हॅरी केनला आर्सेनलनं आठ-नऊ वर्षांचा असताना काढून टाकलं, कारण तो जरा गुटगुटीत होता आणि चपळ नव्हता. काढलं ते त्या वेळी चूकही नसेल. त्या वयाची गुटगुटीत, अचपळ पोरं हजारो असतात आणि दर हजारातली नऊशे नव्व्याण्णव पुढे बँकेत लागतात. टॉटनहॅमनं त्याला वाढवलं, चार क्लबांना उसना दिला, बहुतेक ठिकाणांहून तो ‘ठीक’ होऊन परत आला, आणि मग त्यानं टॉटनहॅमसाठी २८० गोल केले. डेक्लन राइसला चेल्सीनं चौदाव्या वर्षी सोडलं, वेस्ट हॅमनं घडवलं, आर्सेनलनं १०५ मिलियनना घेतलं. जेमी वार्डीला शाळकरी वयात उंची कमी म्हणून काढलं होतं. तो कारखान्यात काम करून खालच्या लीगमध्ये खेळत राहिला, लेस्टरनं दहा लाखांना घेतला आणि २०१६मध्ये सट्टेवाल्यांच्या पाच हजाराला एक अशा भावात लेस्टर लीगचा विजेता झाला. ही नावं आपल्याला माहीत आहेत ती जमली म्हणून. न जमलेल्यांवर कुणी लेख लिहीत नाही. म्हणजे धीर हा जुगारच. पण मग विकत घेतलेला तयार माल तरी कुठे खात्रीचा असतो? युनायटेडनं २०२२मध्ये आयाक्सकडून अँटनी ऐंशी मिलियनच्या वर देऊन आणला आणि अडीच वर्षांनी स्पेनमध्ये उसना धाडला, तिथे जाऊन तो बेटिसकडून झकास खेळू लागला. दोन्हीकडे जुगार असेल तर स्वस्तातला का खेळू नये? आणि घाईचा तिरपागडा न्याय पाहायचा तर केनकडेच पाहा. चषकासाठी तो २०२३मध्ये बायर्नला गेला. सलग अकरा वर्षं जर्मन लीग जिंकणारा तो संघ नेमका त्याच वर्षी काहीच जिंकला नाही. २०२५मध्ये त्याला एकदाचं विजेतेपद मिळालं, तर त्याच महिन्यात टॉटनहॅमही त्याच्याविना युरोपा लीग जिंकून बसलं.

धीर धरून काय होतं याचा जिवंत नमुना बिल्बाओत आहे. ॲथलेटिक क्लब फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो. स्पेनच्या अव्वल लीगमधून कधीच न घसरलेले क्लब तीन. रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हा. २०२४मध्ये त्यांनी चाळीस वर्षांनी कोपा देल रे जिंकला आणि १९८४नंतर पहिल्यांदा विजयाची नाव नदीतून निघाली, काठावर सगळं शहर लोटलं. चाळीस वर्षं! आपल्याकडे चाळीस मिनिटांत गोल नाही झाला तर चॅनेल बदलतात. अर्थात ॲथलेटिकलाही संत समजू नये. शेजारच्या रेआल सोसिएदादचा तयार बचावपटू त्यांनी २०१८मध्ये पैसे मोजून उचलला, तेव्हा सोसिएदादचे चाहते ‘बास्क बंधुत्वा’बद्दल काय बोलले असतील ते मराठीत लिहिण्याजोगं नसावं.

राहता राहिला आपला डोंबिवली-कोथरूडचा चाहता. त्याला या सगळ्याशी काय देणंघेणं, असंही कुणी म्हणेल. कुणाचंही घर न भरता, कुणाचंही न बिघडवता तो फक्त जागतो. कित्येक वर्षं इंग्लंडातला उन्हाळी बाजार रात्री अकराला बंद व्हायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीन. त्या वेळी नव्या खेळाडूचं मेडिकल झालं की नाही हे पाहत बसणारा हा माणूस स्वतःचं मेडिकल पाच वर्षं टाळत आलेला असतो. त्याला एवढंच सांगावंसं वाटतं की धीराची सवय करायची तर जवळपासही सोय आहे. २००८ ते २०१३ अशी सलग सहा वर्षं आय-लीग गोव्यात राहिली. धेंपो, चर्चिल, साळगावकर आळीपाळीनं जिंकत होते. २०१६मध्ये धेंपो आणि साळगावकर स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा पुण्या-मुंबईत किती जर्सी अर्ध्या काठीवर उतरल्या? कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम असा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठा रिकाम्या होतात. बाहेरचे खेळाडू तिथेही आणतात, त्यावरून कट्ट्यावर वादही तेवढेच होतात. पण चुकलेल्या पासला शिवी घालताना मागच्या बाकावर त्या पोराची आत्या बसलेली असू शकते, आणि त्यानं जिभेला आपोआप लगाम बसतो. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असं आपल्याकडे म्हणतात. फुटबॉलमध्ये ही म्हण एकदा शब्दशः घडली. २०००च्या वसंतात युनायटेडनं रूड व्हॅन निस्टलरॉयला घ्यायचं नक्की केलं होतं. मेडिकलमध्ये गुडघ्यानं दगा दिला, लग्न मोडलं, आणि काही दिवसांतच सराव करताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. युनायटेडनं दुसरा नवरा शोधला नाही. वर्षभर थांबून त्याच मुलाला एकोणीस मिलियनना आणलं. त्यानं २१९ सामन्यांत १५० गोल केले.

तेव्हा वाचकांपैकी जे कुणी ‘आम्ही’ असतील त्यांना एक विनंती आहे. पुढच्या शनिवारी साठाव्या मिनिटाला कुणीतरी एकोणीस वर्षांचं पोरगं मैदानात येईल आणि त्याचा पहिला पास चुकेल. तेव्हा फोन खिशातच राहू द्यावा. निदान दुसऱ्या पासपर्यंत.